गुन्हा आधी की नोंद आधी? बेतूलसमोर सापडलेल्या एका होडीचे प्रकरण

हे प्रकरण एकापेक्षा अधिक घटनांचे धागे जोडून मांडले आहे. माणसांची ओळख, संख्या, महिने, पोलीस ठाणे आणि न्यायालय बदलले किंवा गाळले आहे. कायदे, मुदती आणि कार्यपद्धती मात्र जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत. घटनेच्या वेळी परदेशी नागरिक कायदा, १९४६ लागू होता, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

पार्श्वभूमी

जानेवारीतली पहाट. दक्षिण गोव्यातल्या बेतूलहून मासेमारीला गेलेल्या एका ट्रॉलरच्या तांडेलाला (प्रमुख खलाशाला) काब द राम भूशिराच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण १४ सागरी मैलांवर, इंजिन बंद पडलेली एक होडी डोलताना दिसली. सुमारे १३ मीटर लांबीची लाकडी होडी, वर फायबरचा थर. जाळे नाही, बर्फ नाही, नोंदणी क्रमांक खरवडलेला, मधोमध निळी ताडपत्री. तिच्याखाली ४१ माणसे होती. तांडेलाने आपला ट्रॉलर लांब ठेवला, व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक दिली आणि मालकाला कळवले. मालकाने तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचाव क्रमांक लावला. ट्रॉलर जवळ न नेण्याचा त्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता. तो का, ते पुढे येईल.

होडीत ३ भारतीय खलाशी होते आणि ३८ श्रीलंकन तमिळ प्रवासी. त्यांतले २२ जण तामिळनाडूतल्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिलेले, छावणीचे ओळखपत्र असलेले. उरलेले १६ (११ प्रौढ, ५ मुले) २०२२ च्या आर्थिक कोसळणीनंतर लहान होड्यांनी भारतात आलेले. त्यांच्यापाशी श्रीलंकेचे राष्ट्रीय ओळखपत्र होते, भारतात राहण्याचा कसलाच कागद नव्हता.

त्यांना जायचे होते रियुनियनला. हिंदी महासागरातले हे बेट फ्रान्सचा भाग आहे, त्यामुळे तिथे पाऊल ठेवले की फ्रान्सकडे आश्रय मागता येतो. पूर्वी अशा होड्या ऑस्ट्रेलियाकडे जात. पण १९ जुलै २०१३ नंतर होडीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कायमचे वसवणार नाही, असे तिथल्या सरकारने जाहीर केले. २०१४ मध्ये पुदुच्चेरीहून निघालेल्या १५७ जणांना समुद्रातच अडवून काही आठवडे जहाजावर ठेवले आणि पुढे नाउरू या बेटावर पाठवले. ती वाट बुजल्यावर दलालांनी २०१८ पासून रियुनियनचे नाव पुढे केले.

केरळच्या किनाऱ्यावरून रियुनियन सुमारे ४,००० किलोमीटर. ताशी सहा सागरी मैलांच्या वेगाने, वाटेत काही बिघडले नाही तरी, पंधरा दिवस लागतात. ४१ माणसांना दिवसाला तीन लिटर धरले तर नुसते पिण्याचे पाणी १,८०० लिटरच्या वर हवे. होडीत ५०० लिटरच्या दोन टाक्या होत्या. हा हिशेब निघण्याआधी कोणी केला नाही, की करून गप्प बसले, हे तपासात शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही. चौथ्या दिवशी डिझेलमध्ये पाणी गेले, फिल्टर तुंबले आणि इंजिन धापा टाकू लागले. खलाशांनी होडी परत किनाऱ्याकडे वळवली. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे अधूनमधून चालणाऱ्या इंजिनासह होडी कर्नाटक ओलांडून गोव्यासमोर आली.

समुद्रावरचे पहिले तास

१४ सागरी मैल म्हणजे आपल्या १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या बाहेर, पण २४ मैलांच्या संलग्न पट्ट्याच्या आत. तटरक्षक दलाच्या जहाजावरून पहिला निरोप गेला तेव्हा किनाऱ्यावर एका बैठकीत प्रश्न निघाला: इंजिन दुरुस्त करून, पाणी-डिझेल देऊन होडी पुढे जाऊ द्यावी का? हा पर्याय हवेतला नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अंदमान समुद्रात इंजिन बंद पडलेल्या रोहिंग्यांच्या होडीवर ८१ जण जिवंत आणि ८ मृत सापडले. तेव्हा तटरक्षक दलाने अन्न, औषधे आणि इंजिनची डागडुजी जागेवरच पुरवली आणि त्या माणसांना परत घ्यावे म्हणून बांगलादेशाशी बोलणी सुरू झाली.

इथे तो पर्याय दोन कारणांनी बाद झाला. एक, होडीत पाणी चढत होते आणि उपसण्याचा पंप बंद होता. सागरी सुरक्षेचे आणि शोध-बचावाचे आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेले आहेत, आणि संकटात सापडलेल्यांना सुरक्षित जागी उतरवणे हा त्यांचा गाभा आहे. दोन, ही होडी आपल्याच किनाऱ्यावरून निघाली होती. परत कोणाकडे पाठवणार?

मग उतरवायचे कुठे? सर्वांत जवळची बेतूल-कुटबणची जेटी. पण साळ नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला मोठे जहाज आत येत नाही, आणि सकाळी मासळी उतरवायच्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुरगाव बंदर लांब, साधारण वीस मैल. पण तिथे इमिग्रेशनची चौकी आहे, फाटक बंद करता येते, रुग्णवाहिका थेट धक्क्यापर्यंत जाते. मुरगाव ठरले, आणि तो निर्णय बरोबर होता. होडी ओढत नेली असती तर चार तास लागले असते. म्हणून माणसे आधी जहाजावर घेतली आणि रिकामी होडी मागून आणली.

अशा बचावात सर्वाधिक माणसे बुडतात ती मदत पोचल्यावर. मोठे जहाज बाजूला लागले की सगळे एकदम त्या बाजूला धावतात आणि होडी उलटते. म्हणून ट्रॉलर लांब राहिला ते बरे झाले. जहाजानेही शेजारी न येता छोटी रबरी बोट सोडली, ती होडीच्या मागच्या टोकाला लावली, आधी जीवरक्षक जाकिटे आत टाकली, आणि ‘बसून राहा’ एवढे एकच वाक्य तमिळ जाणणाऱ्या एका नाविकाकडून भोंग्यावर सतत वदवले. मग सहा-सहा जण. मुले आणि त्यांच्या आया एकाच फेरीत. सगळे पार पडायला पाऊण तास लागला.

मुरगावच्या धक्क्यावर

डॉक्टरांनी धक्क्यावरच तीन गट केले. लगेच इस्पितळ: ६ जण, त्यांत दोन मुले, तीव्र निर्जलीकरण. मलमपट्टी: ११ जण. होडीच्या तळाशी साचलेल्या डिझेल-मिश्रित खाऱ्या पाण्यात तासन्‌तास बसल्याने मांड्यांची आणि पायांची कातडी सोलली होती. लांबून हे उन्हाने भाजल्यासारखे दिसते, म्हणून कपडे तसेच ठेवून मलम लावले जाते आणि जखम चिघळते. आधी कपडे काढून गोड्या पाण्याने भरपूर धुवायला हवे. धक्क्यावर महिलांसाठी आडोसा नव्हता. तो उभारण्यात तास गेला, तोवर त्या ओल्या कपड्यांत बसून होत्या.

जेवणाचा प्रश्नही दिसतो तितका साधा नसतो. आठ-दहा दिवस अर्धपोटी असलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवण दिले तर रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. कोणीतरी सद्भावनेने भाजी-पावाची पाकिटे आणली होती, ती डॉक्टरांनी बाजूला ठेवायला लावली. आधी क्षारसंजीवनी घोटाघोटाने, मग उकड्या तांदळाची पातळ पेज, अर्धी वाटी, दर दोन तासांनी. पेज करून देणाऱ्या कंत्राटदाराचे बिल पुढे कित्येक महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, कारण आपत्तीनिधीच्या निकषांत ‘समुद्रातून आलेले परदेशी’ असा रकानाच नाही.

याच दुपारी ती यादी तयार झाली जिने पुढची दोन वर्षे सगळ्यांना छळले. श्रीलंकन तमिळ माणसाला आडनाव नसते, वडिलांचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर आधी येते. आपल्या अर्जांना आडनाव लागते, म्हणून कोणाच्या पुढे गावाचे नाव लागले, कोणाच्या पुढे नवऱ्याचे, आणि एकाच्या पुढे चक्क बंदराचे. त्यात तमिळ लिपीत क आणि ग, प आणि ब यांना एकच अक्षर. त्यामुळे एकच माणूस इस्पितळाच्या कागदावर ‘गणेशन’, तर पोलिसांच्या यादीत ‘कनेसन’. जन्मतारीख सांगता न आलेल्या सगळ्यांची १ जानेवारी. कोण कोणाचे कोण, हा रकाना यादीत नव्हताच.

दुभाषा म्हणून मासळी खरेदीसाठी मुरगावात आलेला एक तमिळभाषक व्यापारी बसवला. माणूस भला होता. पण जाफन्याकडची तमिळ आणि त्याची तमिळ यांत अंतर होते, आणि दुसरे असे की समोरच्यांना तो दलालाचाच माणूस वाटला. त्यांनी त्याला जे सांगितले ते त्याच धास्तीने सांगितले.

प्रश्न नेमका काय होता

भारताने १९५१ चा निर्वासित करार किंवा १९६७ चा जोडकरार स्वीकारलेला नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत कागदाविना आलेला प्रत्येक जण बेकायदा परदेशी. मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाची डिसेंबर २०११ ची कार्यपद्धती आहे, मार्च २०१९ मध्ये ती सुधारली. तिच्यानुसार कोणी परतण्याची भीती सांगितली, तर राज्याने किंवा परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाने त्याची छाननी करून ३० दिवसांत अहवाल द्यायचा. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी प्रकरण मंत्रालयाकडे जाते. हा व्हिसा मिळाला की खासगी नोकरी करता येते, शिकता येते. दावा टिकला नाही तर स्थानबद्धता आणि परत पाठवणी. सहा महिन्यांत परत पाठवता आले नाही तर बोटांचे ठसे वगैरे घेऊन, स्थानिक जामीनदार आणि दर महिन्याची पोलीस हजेरी या अटींवर सोडायचे.

गोव्यात ही कार्यपद्धती फार क्वचित उघडावी लागते. इथल्या परदेशी नागरिकांच्या फायली बहुतेक व्हिसा संपल्याच्या किंवा अमली पदार्थांच्या. त्यामुळे हात आपोआप त्याच साच्याकडे गेला: पकडा, गुन्हा नोंदवा, न्यायालयात उभे करा, म्हापशाच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवा.

दुसरी गाठ अशी की श्रीलंकन तमिळांचा विषय भारत सरकार स्वतः हाताळते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत अफगाण, म्यानमारच्या किंवा सोमाली माणसांची नोंद करते, निर्वासित असल्याचे ठरवते आणि निवडक प्रकरणे तिसऱ्या देशाकडे पाठवते. श्रीलंकन तमिळांच्या बाबतीत तिचे चेन्नईचे कार्यालय मुख्यतः स्वेच्छेने परत जाणाऱ्यांना मदत करत होते. म्हणजे तिसऱ्या देशात वसण्याचा नेहमीचा रस्ता या लोकांसाठी जवळपास बंदच. जगभरातही दरवर्षी एक टक्क्याहून कमी निर्वासितांना ही संधी मिळते.

तोललेले पर्याय

संध्याकाळी पाच वाजता पोलीस निरीक्षक, उपजिल्हाधिकारी, नोंदणी कार्यालयाचे अधिकारी आणि तटरक्षक दलाचे प्रतिनिधी एकत्र बसले. घड्याळ निरीक्षकांच्या डोक्यावर होते. ताब्यात घेतलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. अटक दाखवायची नाही तर फाटक कोणत्या अधिकाराने बंद ठेवायचे?

पहिला पर्याय: सगळ्या प्रौढांवर गुन्हा. सोपा, परिचित, वरून कोणी विचारले तर उत्तर तयार.

दुसरा: फक्त तीन खलाशांवर गुन्हा, आणि प्रवाशांवर परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ३ खाली ‘अमुक जागीच राहावे’ असा निर्बंध आदेश. त्यासाठी अटक लागत नाही, फाटक बंद राहते, आणि ३० दिवसांची छाननी शांतपणे होते. पण आदेश काढणारा सक्षम अधिकारी पणजीत, त्याची सही रात्रीत मिळेल का, आणि आदेशाचा मसुदा कोणापाशी आहे, या दोन प्रश्नांवर चर्चा अडली.

तिसरा: २२ जणांना ‘छावणीतले’ म्हणून वेगळे काढून तामिळनाडूकडे सोपवणे आणि उरलेल्या १६ जणांपुरते वरील दोहोंतून निवडणे.

ठरले ते तिसऱ्या आणि पहिल्याचे मिश्रण. खलाशांवर फसवणूक आणि कलम १४-क खाली साथ दिल्याचा गुन्हा, ११ प्रौढांवर कलम १४ (कायद्याचा भंग). कलम १४-अ (कागदाविना प्रवेश किंवा वास्तव्य) लावले नाही हे नशीब, कारण तिथे किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. रात्री अकराला प्राथमिकी (एफआयआर) नोंदली गेली.

या बैठकीत नोंदणी कार्यालयाच्या एका महिला अधिकाऱ्याने सुचवले होते की गुन्ह्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे: ‘परत गेलात तर काय होईल अशी भीती वाटते?’ तोवर विचारला गेला होता तो ‘भारतात कशाला आलात?’ आणि त्याचे उत्तर अकराही जणांनी एकच दिले होते: तिथे काम नाही, खायला नाही. २०२२ च्या श्रीलंकेत ते खरेच होते. पण पाच जणांकडे आणखी सांगण्यासारखे होते, आणि ते पहिल्या जबाबात आलेच नाही. पुढे त्यांनी ते सांगितले तेव्हा ‘मागाहून सुचलेले’ असा शेरा फायलीवर पडला.

काय केले गेले

२२ जणांचे काम तुलनेने मार्गी लागले. तामिळनाडूच्या पुनर्वसन आयुक्तालयाकडून छावण्यांच्या नोंदी पडताळल्या, त्या राज्याच्या पोलिसांच्या क्यू शाखेचे (छावण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गुप्तवार्ता शाखेचे) पथक आले आणि दोन तुकड्यांत मडगावहून रेल्वेने नेले. छावणीत हजेरी असते. गैरहजर राहिले की नाव कटते आणि नावाबरोबर महिन्याची रक्कमही, जी २०२१ पासून कुटुंबप्रमुखाला १,५००, इतर प्रौढांना १,००० आणि मुलांना ५०० रुपये आहे. त्यामुळे परत पोचल्यावर नाव पुन्हा चढवण्याची खटपट त्यांची त्यांनाच करावी लागली.

१६ जणांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी घडल्या, आणि प्रत्येकीचे ओझे पुढे निघाले.

पुरुष म्हापशाला गेले, महिला आणि मुले महिलांच्या निवारागृहात. मावशीबरोबर आलेल्या १६ वर्षांच्या मुलाला बालकल्याण समितीसमोर नेले, ते कायद्याला धरूनच होते. पण यादीत नातेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे मावशी-भाचा हे नाते सिद्ध करायला सात आठवडे लागले. तोवर तो एका ठिकाणी, ती दुसऱ्या.

राष्ट्रीयत्व पडताळणीसाठी १६ जणांची एकत्रित यादी मुंबईतल्या श्रीलंकन वाणिज्य दूतावासाकडे गेली. स्वेच्छेने परतू इच्छिणाऱ्यांना तात्पुरता प्रवास दस्तऐवज तिथूनच मिळतो, म्हणून यादी पाठवणे अपरिहार्यच होते. चूक एवढीच की भीती सांगणाऱ्यांची नावे आधी वेगळी काढली नाहीत. ज्या सरकारची भीती वाटते त्यालाच माणूस कुठे आहे ते कळवणे, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्रास होणारी गफलत आहे.

तिसरी गोष्ट बरी घडली. विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलांनी चौथ्या दिवशी २०११ च्या कार्यपद्धतीचा हवाला देऊन लेखी अर्ज दिला आणि ३० दिवसांचे घड्याळ सुरू केले. अर्जात त्यांनी दोन निकाल जोडले. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवास दिला. दुसऱ्या बाजूचेही त्यांनी लपवले नाही: एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परत पाठवणी सरसकट रोखली नाही, विहित कार्यपद्धती पाळा एवढेच सांगितले. तेवढे इथे पुरेसे होते, कारण मागणी होती ती कार्यपद्धती पाळण्याचीच.

गुन्ह्याची गाठ

जामीन महिन्याभरात मिळाला, पण स्थानिक जामीनदार हवा. परक्या माणसासाठी कोण उभा राहणार? शेवटी बेतूलच्या एका ट्रॉलर मालकासह तिघांनी हमी घेतली. त्यानंतर खटल्याचे काय करायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता.

गुन्हा कबूल करणे हा झटपट मार्ग. न्यायाधीश सहसा भोगलेली कोठडी हीच शिक्षा धरतात, थोडा दंड होतो, महिन्याभरात सुटका. पण कागदावर ‘दोषी’ हा शिक्का राहतो, आणि तिसऱ्या देशाच्या प्रत्येक अर्जात पूर्वीच्या शिक्षेचा रकाना असतो. खटला लढवणे म्हणजे वर्षे. तिसरा मार्ग, सरकारी वकिलाने खटला मागे घेणे: फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. इथे बहुतेक जण अडखळतात. परदेशी नागरिकांचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला असल्याने, राज्याने नेमलेला सरकारी वकील केंद्राच्या परवानगीशिवाय असा अर्ज करू शकत नाही. ही परवानगी मागायची आहे हे लक्षात यायलाच चार महिने गेले, आणि मिळायला आणखी दहा.

या चौदा महिन्यांत देशाबाहेर जाण्याचा कोणताही रस्ता बंद होता. वैध व्हिसाविना आलेल्याला भारत सोडतानाही नोंदणी कार्यालयाकडून बाहेर जाण्याचा परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रलंबित गुन्हा असेल तर पोलिसांचा ना-हरकत शेरा मिळत नाही, आणि त्याविना परवाना नाही. स्वेच्छेने परत जाऊ पाहणारेसुद्धा यात अडकले. ज्यांना सरकारला लवकरात लवकर परत पाठवायचे होते, त्यांना सरकारनेच धरून ठेवले होते.

निष्पत्ती

नऊ जण, सहा प्रौढ आणि तीन मुले, स्वेच्छेने श्रीलंकेला परतले. त्यांतल्या तिघा प्रौढांनी वाट पाहणे सोडून गुन्हा कबूल केला आणि ते आधी गेले, बाकीचे खटला मागे घेतल्यावर.

उरले सात. दोन मुले असलेल्या एका कुटुंबाचा दावा राज्याच्या अहवालात सकृद्दर्शनी ग्राह्य ठरला. दीर्घ मुदतीचा व्हिसा मंजूर झाला नाही, पण त्यांना म्हापशाऐवजी निर्बंध आदेशाखाली एकत्र राहू दिले गेले आणि नंतर तामिळनाडूत नातेवाइकांजवळ हलवले. दोन तरुणांना सहा महिन्यांच्या अटीनुसार मासिक हजेरीवर सोडले. एक अजून हजेरी देतो. दुसरा पाचव्या महिन्यात आलाच नाही, आणि जामीनदाराला रक्कम भरावी लागली.

सातवी ती मावशी. भाचा परतणाऱ्या नऊ जणांबरोबर गेला. तिचा भाऊ कॅनडात आहे. कॅनडात तेव्हा पाच नागरिकांचा किंवा कायम रहिवाशांचा गट एखाद्या निर्वासिताला पुरस्कृत करू शकत असे, पण त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा किंवा आश्रय देणाऱ्या देशाचा, ती निर्वासित असल्याचा कागद लागे. भारत तो कागद श्रीलंकन तमिळांना अशा रूपात देत नाही. सरकारशी करार असलेल्या पुरस्कर्त्या संस्थेमार्फत गेले तर तो कागद बंधनकारक नसतो, म्हणून भावाने चर्चशी संलग्न अशी संस्था गाठली. अर्ज गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडाने पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले, तेव्हा ही निवड किती मोलाची होती ते कळले. अर्जाचा निर्णय अजून बाकी आहे. मध्यंतरी तिथून शंका आली: मुरगावच्या यादीत, न्यायालयाच्या आदेशात आणि राष्ट्रीय ओळखपत्रावर तीन वेगळी नावे आहेत, ही एकच व्यक्ती कशावरून? प्रतिज्ञापत्र, ठशांचा अहवाल आणि न्यायालयाची दुरुस्ती यांत पाच महिने गेले.

खलाशांवरचा खटला चालू आहे. दलाल सापडला नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा फरक क्रमाने पडला असता. कलम ३ चा निर्बंध आदेश त्या रात्री निघू शकला असता, फक्त मसुदा तयार हवा होता. एका पानाचा हा मसुदा, नाव-नाते-ठिकाण रिकामे ठेवून, किनारी तालुक्यांच्या मामलेदारांकडे आणि नोंदणी कार्यालयात आधीच असायला हरकत नाही. गुन्हा नोंदवायचाच असेल तर तो छाननीच्या ३० दिवसांनंतरही नोंदवता येतो, त्यात काही बुडत नाही. उलट क्रम मात्र फिरवता येत नाही.

कायदा आता बदलला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आणि १९४६ चा कायदा रद्द झाला. कागदाविना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वेळी निघालेल्या सूट आदेशाने ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या, नोंद असलेल्या श्रीलंकन तमिळांना शिक्षेच्या तरतुदींतून वगळले. म्हणजे आज अशीच होडी आली तर २२ पैकी कोणाची नोंद त्या तारखेआधीची, हे पहिल्याच दिवशी तपासावे लागेल, आणि ते छावणीच्या नोंदवहीतून कळेल, माणसाच्या तोंडून नाही.

यादीबद्दल: ओळखपत्रावर जे नाव जसे छापले आहे ते अक्षर न अक्षर उतरवावे, आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा, आणि ‘कोणाबरोबर आले, नाते काय’ हा रकाना पहिल्याच तासाला भरावा. ओळखपत्राचा फोटो यादीला जोडला की पुढची निम्मी भांडणे मिटतात. इस्पितळाने, पोलिसांनी आणि न्यायालयाने त्याच यादीचा क्रमांक वापरावा, स्वतःची नवी यादी करू नये.

दूतावासाकडे नावे जाण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती आणि भीतीच्या प्रश्नाचे उत्तर फायलीत हवे. याला दोन दिवस पुरतात.

दुभाषा जेटीवर शोधायचा नसतो. मुरगाव आणि मडगावच्या महाविद्यालयांत, बँकांत, रेल्वेत तमिळ जाणणारे कितीतरी लोक आहेत. दहा नावांची यादी, फोन क्रमांकांसह, वर्षातून एकदा तपासलेली, जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात पुरेल. त्यांतल्या निदान चौघी महिला असाव्यात. या प्रकरणात दोन बायकांनी जे सांगायचे टाळले, ते त्यांनी सात आठवड्यांनी निवारागृहातल्या समुपदेशक बाईंना सांगितले, आणि तोवर ३० दिवसांचा अहवाल जाऊन चुकला होता.